अंबुवतीचे कुलूप

एका राज्यात कुलपे फार होती. घराला कुलूप, गोठ्याला कुलूप, मीठमिरचीच्या डब्यालाही कुलूप. चोर मात्र कुणी पाहिला नव्हता. कुलपे चांगली होत म्हणून लोक ती लावत, आणि लोक लावत म्हणून ती आणखी होत. राजाचे नाव मेघवर्म. राजा बरा होता. पण त्या राज्यात शब्द चाले तो राजाचा नव्हे, कुलूपकारांच्या पाच पंचांचा. थोरले पंच हरबाजी. त्यांची दाढी बेंबीपर्यंत होती आणि ती कुरवाळल्याशिवाय त्यांनी कधी हो किंवा नाही म्हटले नव्हते.

राजवाड्याच्या तळाशी एक कोठी होती. तिच्या दाराला घागरीएवढे काळे कुलूप होते. ते अंबुवती नावाच्या बाईने घडवले होते. अंबुवतीला कुलपांची विद्या येई आणि मंत्रांचीही. कुलूप पुरे झाले त्या दिवशी तिने पंचांत जागा मागितली.

पंच म्हणाले, "बाईने काम करावे, बोलू नये."

अंबुवतीने कुलूप लावले, किल्ली गिळली आणि म्हणाली, "बरे. मी बोलत नाही. पण ह्यापुढे जो हे कुलूप चुकीचे फिरवील, त्याच्या प्रत्येक चुकीपायी ह्या नगरातला एक आवाज कोठीत जाईल. बारा चुका झाल्या की किल्लीचे भोक बुजेल. मग दार कायमचे बंद."

एवढे बोलली आणि सर्वांआधी तिचाच आवाज दारातून आत गेला. ती मुकी झाली आणि रानाकडे चालू लागली. मागे वळून पाहिले नाही.

आता अशा कुलपाला हात लावण्याआधी माणसाने विचार करावा. पंचांनी विचार केला नाही, प्रथा पाडली. दर खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाली की नवी किल्ली घडवायची, वाजतगाजत कोठीशी न्यायची, आणि थोरल्या पंचांनी ती उजव्या हाताने उजवीकडे फिरवायची. पहिल्या वर्षी किल्ली लोखंडाची होती, दुसऱ्या वर्षी तांब्याची, एका वर्षी तर चंदनाची. कुलूप उघडले नाही. दर दसऱ्याच्या सकाळी नगरात कुणी एक जण मुका उठे. पंच त्याच्या घरी नारळ पाठवत.

अशी अकरा वर्षे गेली. अकरावा नारळ आला तो अनसाच्या घरी.

अनसा वीस वर्षांची होती. आईबाप नव्हते. धाकटी बहीण होती, नऊ वर्षांची सोनकी. सोनकी इतकी बोले की अंगणातल्या कोंबड्या कंटाळून हौदामागे जात. दसऱ्याच्या दिवशी ती उठली, तोंड उघडले, आणि काहीच आले नाही. त्या दिवसापासून ताईला हाक मारायची झाली की ती पळीने तांब्या वाजवी. अनसाला तो आवाज ऐकवत नसे.

अनसा हरबाजींच्या शाळेत सात वर्षे किल्ल्या घासत होती. तिने हरबाजींना विचारले, "काका, किल्लीवाचून कुलूप उघडता येते का?"

"येते. चोरांना."

"मग मला शिकवा."

हरबाजींनी दाढी कुरवाळली. "आधी बारा वर्षे कानस. मग पाच वर्षे भाता. मग बघू."

"पुढच्या खंडेनवमीला तुमची बारावी किल्ली. ती चुकली तर भोक बुजेल. माझ्या बहिणीचा आवाज आत आहे."

"बुजले तर बुजले. आम्ही प्रथा मोडली असे तर कुणी म्हणणार नाही."

अनसाने कानस ऐरणीवर ठेवली. "ही तुमची कानस," ती म्हणाली. "आता प्रथाच घासत बसा."

तिने सोनकीला शेजारच्या जिवाआत्याकडे सोपवले आणि अंबुवती गेली होती त्या वाटेने रान गाठले. तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी एक अंजनाचे झाड दिसले. झाडाला तीन कुलपे टांगली होती, एक मातीचे, एक तांब्याचे, एक लोखंडाचे. बुंध्यावर एक सुतारपक्षी बसला होता.

"अकरा वर्षे वाट पाहिली," पक्षी म्हणाला. "कुणीच येईना."

"अंबुवती कुठे आहे?"

"गेली. मी तिचा पक्षी. ती मुकी होती, पण हातांनी शिकवी. तिला येत होते ते मला येते. चोचीने जमते तेवढे."

बुंध्याच्या ढोलीत चामड्याची एक गुंडाळी होती. तीत दोन हत्यारे. एक चपटी पट्टी, टोकाशी वाकवलेली. तिचे नाव ताणपट्टी. एक बारीक सळई, टोकाशी चोचीसारखी वळलेली. तिचे नाव आकडी.

पक्षी म्हणाला, "कुलपाच्या पोटात खुंट्या असतात. किल्ली त्यांना हव्या तेवढ्या उचलते, तेव्हा पोट फिरते. तुझ्यापाशी किल्ली नाही. तू पट्टीने पोटाला ताण द्यायचा आणि आकडीने एकेक खुंटी उचलायची. तीन कुलपे उघड, मग घरी जा."

अनसाने मातीच्या कुलपात पट्टी घातली आणि ताण दिला. कुलूप फुटले. पक्ष्याने ओढ्यावरून माती आणून दुसरे केले. तेही फुटले. अशी तेरा कुलपे फुटली.

"तू कुलपाशी भांडतेस," पक्षी म्हणाला.

"सवय आहे."

"दुधावरची साय न फाटता उचलतेस ना? जोर तेवढाच."

"बाई म्हणून मला सायीचा दाखला देता?"

"नाही. मला साय मिळत नाही, म्हणून सारखी आठवते."

अनसाला हसू आले. हसताना हात सैल पडला, आणि चौदावे कुलूप उघडले.

तांब्याच्या कुलपात पाच खुंट्या होत्या. अनसाने पहिली उचलली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्या पुन्हा खाली आल्या. दहा दिवस तेच.

"रांगेने का उचलतेस?" पक्ष्याने विचारले.

"हरबाजींनी सगळे रांगेनेच शिकवले."

"कुलपाला रांग ठाऊक नसते. ताण दिलास की पाचांतली एकच खुंटी अडते, बाकीच्या सैल हलतात. जी अडते ती आधी. ती बसली की दुसरी कुठली तरी अडेल. तू ठरवू नकोस. विचार तिला."

अनसाने डोळे मिटले. आकडीचे टोक एकेका खुंटीला लावून पाहिले. पहिली सैल. दुसरी सैल. चौथी अडली होती. तिने ती हळूच उचलली. टक्. बोटांना एवढासा हादरा आला, ज्वारीच्या लाहीने फुटावे तसा. मग पहिली अडली, मग पाचवी. संध्याकाळच्या आत तांब्याचे कुलूप उघडले.

लोखंडाच्या कुलपाने मात्र तिला पावसाळा सरेपर्यंत छळले. चार खुंट्या बसत, पाचवी काही केल्या बसेना. दोन दिवस अनसाने ताण सोडला नाही. हाताला गोळे आले.

"दुसरी खुंटी तू फार वर नेलीस," पक्षी म्हणाला. "ताण सोड."

"सोडला तर चारही पडतील!"

"पडतील."

"माझी दोन दिवसांची मेहनत आहे!"

"चुकीची मेहनत आहे. धरून ठेवलीस म्हणून बरोबर होणार नाही."

अनसा पक्ष्याला बरेच काही बोलली. ते इथे सांगण्यासारखे नाही. मग तिने ताण सोडला. चारही खुंट्या एकदम पडल्या. तिने पुन्हा आरंभ केला, आणि भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात कुलूप उघडले.

निघताना अनसाने विचारले, "मोठ्या कुलपाबद्दल काही सांगाल?"

"ते मी पाहिलेले नाही. अंबुवतीबद्दल सांगतो. ती डावरी होती. पंचांच्या शाळेत तिचा डावा हात कमरेला बांधत आणि उजव्याने काम करून घेत. दोरीचा वळ मरेपर्यंत होता. रानात आली आणि डाव्या हाताने दोन्ही हातांचे काम करू लागली. बस, एवढेच मला ठाऊक आहे."

अनसा नगरात पोचली तो खंडेनवमीचा दिवस. कोठीपुढे सनई वाजत होती. अकरा मुकी माणसे एका बाजूला बसवली होती. त्यांत सोनकी, हातात तांब्या आणि पळी. हरबाजींच्या ताटात बारावी किल्ली होती, सोन्याची.

"महाराज," अनसा म्हणाली, "ती किल्ली लावू नये. मला हे कुलूप किल्लीवाचून उघडू द्यावे."

हरबाजी म्हणाले, "चोराची हत्यारे घेऊन पूजेत आलीस? ह्या कुलपाला पंचांखेरीज कुणी शिवत नाही."

"पंच शिवले म्हणूनच ही अकरा माणसे इथे बसली आहेत."

"थोरामोठ्यांशी असे बोलतात?"

"त्यांतल्या कुणाला बोलता आले असते तर मी गप्प बसले असते, काका."

राजा मेघवर्माने अकरा जणांकडे पाहिले. मग म्हणाला, "अकरा वेळा तुमचे ऐकले, हरबाजी. एकदा हिचे ऐकू."

अनसा कुलपापुढे बसली. आकडी आत सोडून मोजले. सात खुंट्या. तिने पट्टी घातली आणि सायीएवढा ताण दिला. तिन्ही कुलपांना दिला होता तसाच, सात वर्षे शाळेत पाहिला होता तसाच, उजवीकडे. मग खुंट्या चाचपल्या. पहिली सैल. दुसरी सैल. सातही सैल. एकही अडली नव्हती.

असे होत नसते. तिला तोंडाने म्हणायचे होते, असे होत नसते. पण तोंडातून काही आले नाही. घशातून कुणी सूत ओढून न्यावे तसा तिचा आवाज, दसऱ्याच्या सकाळची वाटही न पाहता, निघाला आणि दारातून आत गेला. किल्लीच्या भोकाची कड हलली आणि आत सरकू लागली.

"बारावी!" हरबाजी ओरडले. "बारावी चूक हिने केली! आता बोल ना! उत्तर दे!"

जन्मात पहिल्यांदा हरबाजींना तिच्याकडून उलट उत्तर मिळाले नाही.

अनसा कुलपाकडे पाहत राहिली. हात हलका होता. आकडी ठीक होती. तरी काहीच अडत नसेल, तर चूक जोराची नाही. चूक बाजूची आहे. तिला दोरीचा वळ आठवला. डावरी बाई किल्ली कुठल्या हाताने धरील? आणि कुठल्या अंगाला फिरवील? अकरा वर्षे अकरा किल्ल्या उजवीकडे फिरल्या होत्या, आणि आज पट्टी तिनेही तिकडेच फिरवली होती.

तिने पट्टी डाव्या हातात घेतली आणि डावीकडे ताण दिला.

"डाव्या हाताने?" हरबाजी पुढे धावले. "शुभ दिवशी? थांब!"

त्यांनी तिचा डावा हात धरायला हात लांब केला. मध्ये सोनकी येऊन उभी राहिली आणि त्यांच्या कानाशी तांब्यावर पळी हाणू लागली. हरबाजींनी दोन्ही हात कानांवर नेले.

सहावी खुंटी अडली होती. टक्. मग दुसरी. मग तिसरी. मग सातवी. भोक आता बोराएवढे झाले होते. पहिली बसली, पाचवी बसली. चौथी बसेना. अनसाने एकेक चाचपली. तिसरी वर गेली होती, केसभर जास्त.

भोक वाटाण्याएवढे झाले. अनसाने डोळे मिटले आणि ताण सोडला. बसलेल्या सहाही खुंट्या पडल्या. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. कुणी तरी रडू लागले.

अनसाने पुन्हा ताण दिला, डावीकडे, सायीएवढा. सहावी. दुसरी. तिसरी, ह्या वेळी नेमकी. सातवी. पहिली. पाचवी. भोकाच्या कडा आकडीला येऊन टेकल्या, आकडी वळेना. तिने ती वळवली नाही, नुसती टेकवून किंचित दाबली. टक्.

कुलपाचे पोट डावीकडे फिरले. कडी निघाली. दार उघडले.

आतून वारा आला. वाऱ्यात बारा आवाज होते आणि प्रत्येकाला आपले माणूस ठाऊक होते. एका म्हाताऱ्या कासाराने "अगं, पाणी दे" म्हटले; अकरा वर्षांपूर्वी तो तेच म्हणायला उठला होता. सर्वांमागून तेरावा आवाज आला. त्याला माणूस उरले नव्हते. तो सभेत मधोमध थांबला आणि म्हणाला, "हे कुलूप अंबुवतीने घडवले." मग तो दारातून बाहेर, रानाकडे गेला.

कोठीत धन होते. त्या दिवशी तिकडे कुणी पाहिले नाही.

सोनकीने तांब्या खाली ठेवला. "ताई," ती म्हणाली, "तांबडी कोंबडी हौदामागे चोरून अंडी घालते. मी वर्षभर सांगतेय, कुणाला कळतच नाही. आणि जिवाआत्या आमटीत गूळ घालत नाही. आणि तू किती वेळ लावलास!"

अनसाला पुष्कळ बोलायचे होते. आवाज परत आला होता. तिने तोंड उघडले आणि फक्त म्हणाली, "सांग. अजून सांग."

राजाने अनसाला पंचांत जागा दिली. अनसा म्हणाली, "जागा अंबुवतीची आहे, महाराज. तिच्या नावाने मी तिथे बसेन. आणि बोलेन." त्या वर्षापासून खंडेनवमीच्या ताटात कानशीशेजारी ताणपट्टी आणि आकडी ठेवतात, आणि शाळेत कुणाचा हात बांधत नाहीत.

महिनाभराने हरबाजी अनसाच्या दारी आले. दाढी कुरवाळून झाली. मग म्हणाले, "डावीकडे फिरवायला शिकायचे, तर किती वर्षे लागतील?"

अनसाने मातीचे एक कुलूप त्यांच्यापुढे ठेवले.

"बसा, काका," ती म्हणाली. "आत्ताच शिकवते."

हरबाजी बसले. कुलूप फुटले. सोनकी ओल्या मातीचा गोळा घेऊन धावत आली, आणि कहाणी तिथेच राहिली, दार उघडे ठेवून.