कांकणाईचा दाबलेला हात

या, चपला इथंच काढा. कांकणाई देवीच्या मुखवट्याकडे सगळेच बघतात, तुम्ही तिच्या डाव्या हाताकडे बघा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधोमध खळगा दिसतोय ना? तो मूर्ती घडवणाऱ्यानं केलेला नाही. बायकांनी दाबून दाबून पाडलाय.

आणि ही पोरगी गं, तुमच्यातलीच ना? बाहेर पायरीवरच का थांबली पोट धरून? बरं बरं, सांगू नकोस, कळलं मला. बस इथं पायरीवरच, माझ्या बांगड्यांच्या टोपलीशेजारी. हात दे. मी दाबते, तू गोष्ट ऐक.

फार मागं या गावात सुंद्रा नावाची मुलगी होती, असं सांगतात. कामाला वाघीण, पण महिन्याची पाळी आली की पोटात अशी कळ उठायची की बिचारी जमिनीवर लोळायची. लोक काय, जिभेला हाड नाही! म्हणे, हिला बाहेरची बाधा झालीय. त्या बोलण्यानं एक सोयरीक मोडली. दुसरी जमली तेव्हा होणारी सासू, आनसाबाई, स्पष्टच म्हणाली, “पोरगी धडधाकट असेल तर सून, नाहीतर नारळ परत.” सुंद्राच्या आईची झोपच उडाली.

राजाक्का कासारीण चुड्याचं माप घ्यायला घरी आली, तो नेमका सुंद्राच्या दुखण्याचा दिवस. आईनं सुंद्राला आतल्या खोलीत लपवलं आणि धाकटीचा हात पुढं केला. दोघी बहिणींचे हात सारखेच, असं वाटलं तिला. झाकायला गेली आणि घोळ करून बसली.

चुडा भरायचा तो इथंच, देवीच्या अंगणात. दोन्हीकडच्या बायका जमल्या, गाणी सुरू झाली. आणि त्याच सकाळी सुंद्राची पाळी आली. सांगावं तर बाजूला बसावं लागणार, लग्न लांबणार, पुन्हा तीच कुजबुज. पोरीनं ओठ घट्ट मिटले आणि येऊन बसली. राजाक्कानं पहिली बांगडी हाताला लावली, तर एक माप लहान!

आता करायचं काय? दुसरा चुडा आणायचा तर बाजार लांब. जोर करावा तर बांगडी तडकून वाढणार, आणि चुड्याची बांगडी वाढणं म्हणजे केवढा अपशकुन! राजाक्कानं तेल घेतलं, सुंद्राचा हात मांडीवर ठेवला आणि अंगठ्याच्या बेचक्यात दाबत बसली. हात मऊ पडेपर्यंत सोडायचाच नाही, असं ठरवून. बायकांची गाणी संपली, तरी ही आपली दाबतेच आहे.

एकाएकी सुंद्रानं मोठा श्वास सोडला. “अगंबाई, थांबलं!” तिच्या तोंडून निघून गेलं.

“काय थांबलं?” आनसाबाईनं विचारलं.

पोरीला खोटं बोलता येईना. म्हणाली, “पोटातली कळ. सकाळपासून होती.”

सगळ्यांना कळायचं ते कळलं. बायकांनी पदर आवरले, दोघी-तिघी तर उठून लांब झाल्या. सुंद्राच्या आईनं कपाळाला हात लावला. आनसाबाई उठली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आला नारळ परत.

ती सुंद्राच्या शेजारी येऊन बसली, म्हणे, आणि राजाक्कापुढं स्वतःचा हात धरला. “माझाही दाब गं बाई. उभं आयुष्य जात्याच्या घरघरीत रडणं लपवलं मी. कुणाला बोलले नाही.”

कोणीतरी पुटपुटलं, देवीच्या दारात विटाळ झाला. आनसाबाई कडाडली, “देवी बाईच आहे ना? मग आधी तिचाच हात दाब, राजाक्का, आणि यातली पहिली बांगडी तिला भर.”

राजाक्कानं भरली. मग उरलेला तोच लहान चुडा सुंद्राच्या हातात सरसर चढला, एकही बांगडी न वाढता. लग्न ठरल्या दिवशी झालं.

आजही आमच्याकडं नवरीचा चुडा भरण्याआधी देवीचा हात दाबतात, मग नवरीचा. आजही मी बांगडी भरताना प्रत्येकीला कानाशी विचारते, “दुखतंय का गं?” पोटुशीला तेवढं दाबत नाही, तिला ते चालत नाही. आणि दर महिन्याला अंथरूण धरायची पाळी येत असेल, तर मी सरळ डॉक्टरीणबाईंकडे पिटाळते. देवीला त्याचा राग नाही.

आता कसं वाटतंय? हसलीस! चेहऱ्यावर रंग आला बघ. ऊठ मग, पायरीवर काय बसलीस? आत जा आणि देवीचा हात दाबून ये. हो गं, आजच. तो खळगा तुझ्यासारख्यांनीच पाडलाय.