ओताऱ्याच्या सुनेचे हात

एका गावात हैबती नावाचा ओतारी होता. देवांच्या पितळी मूर्ती ओतायचा. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून वाहून गेलं की त्या पोकळीत पितळ ओतायचं, असं ते काम.

म्हातारपणी हैबतीची बोटं आखडली. वैद्याने सांगितलं, मेणात थोडं तेल घालून वितळवा, सोसेल इतकं कोमट झालं की हात बुडवा, वरून फडकं गुंडाळून बसा. हैबतीला आराम पडला. रोज सकाळी सून सगुणा मेण तयार करायची आणि हा मालक हात बुडवून बसायचा. काम मात्र आता तीच करत होती. कडक मेण मळायचं, त्याचे केसासारखे धागे वळायचे, त्या धाग्यांचे देवाला दागिने घडवायचे. नाव हैबतीचं. त्याचा मुलगा भट्टी सांभाळायचा आणि बापापुढे तोंड उघडायचा नाही.

जत्रेसाठी देवीचा नवा मुखवटा हवा होता. मळून मळून सगुणाची मनगटं सुजली. बोटांना मुंग्या येऊ लागल्या. तिने विचारलं, "मामंजी, तुमचं झालं की त्याच मेणात मीही हात बुडवू का?"

हैबती हसला. "तिशीतली बाई तू. सांधे दुखायला आधी म्हातारं व्हावं लागतं."

सासूने आपली सगळी बाळंतपणं ऐकवली. तेव्हा म्हणे कुणाचं काही दुखतच नव्हतं. सगुणाने पुन्हा विचारलं, तर जत्रेनंतर बघू, असं उत्तर मिळालं. तिने मान खाली घातली. तिला तेवढंच शिकवलं होतं.

मुखवटा देखणा झाला. गावाने हैबतीला फेटा बांधला. त्या खुशीत त्याने चारचौघांत सुनेला बोलावलं आणि कोमट मेणाचं पातेलं तिच्यापुढे सरकवलं. तिने हात बुडवले.

"बरं वाटतंय ना?"

"काय माहीत, मामंजी," सगुणा म्हणाली. "पंधरा दिवस झाले, या बोटांना ऊन-गार काही कळत नाही."

पुढच्या वर्षी सगुणाच्या बोटांना मेणाचा धागा धरवेना, आणि त्या घरात तो वळणारं दुसरं कुणी नव्हतं. हैबती गावभर सांगत फिरला, हल्लीच्या सुनांना कष्ट नकोत. बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याचं दुखणं त्याचं वय बघून मोजू नये, आणि हात गेल्यावर दिलेल्या शेकाला माया म्हणू नये.