बाजारातून नेलेला टब

कृष्णाकाठच्या एका गावात एक वृद्ध मृदंगाचार्य राहत असत. वय शहात्तर, अंगावर स्वच्छ धोतर, चालण्यात घाई नाही आणि बोलण्यात जास्तीचा एक शब्द नाही. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांच्या शिष्यांमध्ये त्र्यंबक नावाचा एक तरुण गृहस्थ होता. त्याचा हात विलक्षण तयार होता, आणि आपल्या सहनशक्तीचा त्याला थोडा अभिमानही होता. चार-चार तास तो मांडी न मोडता रियाज करी.

या त्र्यंबकाला शौचाच्या जागी चीर पडली. दवाखान्यात जिला फिशर म्हणतात, तीच ही व्याधी. शौचाहून आला की तास-दीड तास त्याचा जीव कासावीस होई. कधी रक्तही दिसे. चौदा महिने त्याने हे कोणाला सांगितले नाही, पत्नी उमालाही नाही. एके दिवशी रियाजावरून उठताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा उमाने खोदून खोदून विचारले आणि हट्टाने त्याला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले. तिथे एक छोटी शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावले की त्यांचे काम झाले असले तरी जखम भरण्याचे काम पुढचे सहा-सात आठवडे घरातच व्हायचे आहे. भरपूर पाणी, पालेभाजी, फळे आणि झोपण्यापूर्वी इसबगोल घ्यायचे. शौचाची भावना झाली की थांबवायची नाही, आणि तिथे बसून जोरही करायचा नाही. शिवाय दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसायचे.

त्र्यंबकाने सगळे ऐकून घेतले, पण घरी आल्यावर त्याचे मन मागे सरले. न्हाणीघर मागच्या अंगणात होते, तीन बिऱ्हाडांत मिळून एकच. टब घेऊन रोज तीनदा तिकडे जायचे म्हणजे शेजारी विचारणार. म्हणून टब आलाच नाही. दुसरी युक्ती त्याने स्वतःच काढली. पोटात काही गेलेच नाही, तर शौचाला जावे लागणार नाही. अर्धी भाकरी आणि दोन घोट पाणी यांवर तो राहू लागला. भावना झाली तरी दात आवळून पडून राही, आणि यालाच निग्रह समजे.

पाचव्या दिवशी व्हायचे तेच झाले. मळ खड्यासारखा कठीण झाला होता. त्या सकाळच्या वेदनेने त्र्यंबक भिंतीला धरून उभा राहिला, आणि रक्त पाहून उमा घाबरली. तिने क्षणाचाही विलंब न लावता त्याला पुन्हा डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासून सांगितले की शस्त्रक्रियेत काही बिघाड नाही. हे उपाशी राहिल्याचे आणि पाणी तोडल्याचे फळ आहे. घरी परतल्यावर उमाने टबाचे नाव काढले, तर त्र्यंबक भिंतीकडे तोंड करून निजला. तेव्हा ती गुरुजींकडे गेली आणि मान खाली घालून सगळी हकीकत सांगितली.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. ऐन गर्दीच्या वेळी गुरुजींनी निळ्या प्लास्टिकचा एक पसरट टब घेतला. दुकानदार तो कागदात गुंडाळू लागला, तर त्यांनी नको म्हटले. टब खांद्यावर घेऊन ते बाजारपेठेच्या मधोमध चालू लागले. मागच्या गल्लीने त्र्यंबकाचे घर जवळ होते; ती वाट त्यांनी टाळली. माणसे धावून आली, ओझे आम्ही पोचवतो म्हणाली, आणि हा कशासाठी असेही विचारू लागली. गुरुजी प्रत्येकापाशी थांबून, आवाज न चोरता, तेच उत्तर देत.

"शौचाच्या जागी चीर पडली की यात कोमट पाणी घालून बसतात. मला हा आजार होता. नऊ वर्षे होता."

कोणी खाली पाहिले, कोणी हसू दाबले. पेठेतला कापडाचा व्यापारी मात्र हसला नाही. हातातला तागा तसाच धरून तो पाठमोऱ्या गुरुजींकडे पाहत राहिला.

गुरुजी पोचण्याआधीच ही बातमी शेजारणीच्या तोंडून त्र्यंबकाच्या कानी आली. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ज्या माणसापुढे गाव वाकतो, त्याने आपल्यापायी भर बाजारात स्वतःचे हसे करून घ्यावे, हे त्याला सोसेना. गुरुजी दारात येताच तो कसाबसा उठला.

"गुरुजी, माझ्यासाठी आपण खोटे बोललात."

"खोटे नाही," टब खाली ठेवत गुरुजी म्हणाले. "पस्तिसाव्या वर्षापासून चव्वेचाळिसाव्यापर्यंत मला हेच दुखणे होते. मैफल अर्धी टाकून उठत असे. लोक म्हणाले, बुवांना गर्व झाला. यजमानांकडे जेवत नसे. ते म्हणाले, सोवळे फार. माझा हात मोडला असता, तर दहाजण विचारायला आले असते. याबद्दल कोणी विचारले नाही, कारण मी कोणाला कळूच दिले नाही. लाजेपायी कमी जेवलो, कमी प्यालो, शौचाची वेळ टाळली. त्र्यंबक, आजार लहान होता. मी तो नऊ वर्षे पोसून मोठा केला."

त्र्यंबकाची नजर टबाकडे गेली. गुरुजी पुढे म्हणाले,

"तुझे नाव मी घेतलेले नाही. सांगायचे की नाही, ते तू ठरव. पण टब झाकून आणला असता, तर तू तो झाकूनच वापरला असतास, आणि अंगणात कोणी दिसले त्या दिवशी वापरला नसतास. दात आवळून सोसणे म्हणजे निग्रह, असे तू धरून चालला आहेस. भीती वाटत असताना पोटभर जेवणे, हाही निग्रहच आहे. मला विचारशील, तर तो अधिक कठीण आहे."

मग त्यांनी उमाला पाणी तापवायला सांगितले आणि ते अंगाला सोसेल इतकेच कोमट आहे ना, हे स्वतः कोपर बुडवून पाहिले.

त्या दुपारी त्र्यंबकाने पालकाची भाजी, पातळ वरण आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. पहिला घास त्याने एकदा ताटात परत ठेवला, मग उचलून तोंडात घातला. दुसऱ्या सकाळी भावना झाली तेव्हा तो क्षणभर थबकला, मग उठून गेला. दुखले, पण टबात बसल्यावर ते दुखणे हळूहळू सैल झाले. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी दुखले. अंगणात शेजारीण समोर आली, तरी तो टब घेऊन सरळ पुढे गेला. मृदंग त्याने कापड टाकून बाजूला ठेवला, आणि घाटावर सावकाश फेऱ्या घालता घालता तो बोल मुखाने म्हणू लागला.

सोळाव्या दिवशी वेदना थांबली, आणि खरी कसोटी तिथेच लागली. देवळाच्या उत्सवात तीन तास साथ करण्याचे आमंत्रण आले. त्याच्या नावाने आलेले ते पहिलेच. उत्सव दहा दिवसांवर होता. त्र्यंबकाने गुरुजींकडे पाहिले. गुरुजी नदीकडे पाहत राहिले. त्या रात्री तो बराच वेळ जागा होता. सकाळी उठून त्याने आपल्या गुरुबंधूचे नाव कळवले, आणि पाणी तापत ठेवले. सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी जखम पूर्ण भरल्याचे सांगितले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कापडाचा व्यापारी भर दुपारी त्र्यंबकाकडे आला. खुर्चीच्या कडेवर तिरपा बसला, उत्सवाविषयी बोलला, कोणाच्या तरी लग्नाविषयी बोलला. बोलता बोलता तो अंगाचा भार या बाजूवरून त्या बाजूला घेत होता. त्र्यंबकाने ते ओळखले आणि वाट न पाहता स्वतःच सांगितले.

"शेटजी, टब माझ्यासाठी होता. चौदा महिने मी हे दुखणे लपवले."

व्यापाऱ्याचे डोळे भरून आले. "माझे तिसरे वर्ष आहे," तो म्हणाला. "बायकोला वाटते, मी तिच्यावर रागावलेला असतो."

दुसऱ्या दिवशी दोघे एसटीने तालुक्याला निघाले. तालुका जवळ आला तेव्हा त्र्यंबक म्हणाला, "डॉक्टर त्यांचे काम नीट करतील. पण घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी तुम्हाला ताटावर बसायची भीती वाटेल. त्या दिवशी मला बोलावणे पाठवा. आपण दोघे मिळून जेवू."