नाकावरची ओळखखूण

"अर्जात ओळखखूण लिहिलीय, नाकावर चामखीळ. फोटोतही आहे. तुमच्या नाकावर नाही, म्हणजे अर्जातल्या बाई तुम्ही नव्हेच," परीक्षेचे केंद्रसंचालक ढवळे सरांनी तिसऱ्यांदा बजावलं.

सदुसष्ट वर्षांच्या गोदाक्का खरात दहावीच्या पहिल्या पेपरला दारातच अडकल्या होत्या. घरीच अक्षरं गिरवून इथवर आलेल्या बाईला आता माघारी कोण वळवणार?

"सर, डॉक्टर म्हणाले, निरुपद्रवी आहे, राहू द्या. पण तिच्यामुळं चष्मा टेकेना, वाचता येईना, म्हणून कापून घेतली."

"ते मला सांगू नका. चामखीळ नाही तर परीक्षा नाही."

घंटा झाली. गोदाक्कांनी पदर खोचला.

"मग दवाखान्यात बाटलीत ठेवलेली चामखीळच आणते आणि बसवते बाकावर, पण सर, अभ्यास मी केलाय, तिनं नाही."