साळूच्या कंदांची मुंडकी

एका डोंगरउतारावरच्या जंगलात एक काटेरी साळू राहत असे आणि तिचे रानकंदांचे दुकान होते. दुकान म्हणजे काय, तर जांभळीखाली पसरलेली पळसाची पाने आणि त्यांवर रचलेले कंद. माकडे आवळे आणत, ससे बोरे आणत, बदल्यात कंद घेत आणि तिथेच बसून खात. खणायला एक म्हातारी घूस आणि तिची पोरेबाळे होती. दर चौथा कंद घुशींचा, हा साळूचा नियम. दुसरा नियम तिच्या आजीपासूनचा. कंद काढला की त्याचे मुंडके, म्हणजे वेलाला चिकटलेला वरचा भाग, कापून त्याच खड्ड्यात पुन्हा पुरायचे. पावसाळ्यात त्यातूनच नवा वेल फुटतो. काम किचकट होते, पण घुशी ते मन लावून करत.

एका हिवाळ्यात समोरच्या उतारावर रानडुकराने दुकान थाटले. सुळ्याच्या एका फटक्यात ते वाफाभर जमीन उलथी करी आणि पुरण्याबिरण्याच्या भानगडीत पडत नसे. "माझ्याकडे कापाकापी नाही, मुंडक्यासकट अख्खा कंद घ्या," असे ते सगळ्यांना सांगे. झाले, गिऱ्हाइके तिकडे वळली. एक माकडीण तर साळूला तोंडावर म्हणाली, "ताई, तुम्ही आम्हाला थोटे कंद देता." साळूला ते फार लागले. आठ दिवस दुकानाकडे कुणी फिरकले नाही. असेच चालले तर दुकान बंद होणार आणि घुशींची पोरे उघड्यावर पडणार, हे तिला दिसत होते.

शेवटी ती घुशीला म्हणाली, "मावशी, उद्यापासून मुंडकी कापू नका. अख्खा कंद द्यायचा."

"आणि खड्ड्यात काय ठेवायचं?"

"काही नाही. खड्डा नुसता बुजवायचा."

गिऱ्हाइके परत आली, दुकान चालू लागले. उन्हाळ्यात दोन्ही उतार सारखेच बोडके दिसत. साळूला मात्र आजीची आठवण आली की मान वर करवत नसे.

पावसाळा लागला आणि डुकराच्या उतारावरची भुसभुशीत माती ओढ्यात वाहून गेली. वेल म्हणून एक उगवला नाही. ते ऐकून साळू बिळातून बाहेरच पडेना, कारण आपल्या उतारावर काय असणार हे तिला ठाऊक होते. चौथ्या दिवशी घुशीने तिला अक्षरशः ओढत नेले.

उतारभर वेल फुटले होते. साळू एकेका वेलापाशी जाऊन पाहू लागली. किती महिन्यांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

"मावशी, हे कसं झालं?"

"ताई, मुंडकं कडू असतं, वर घशाला खाजतं. अख्खा कंद मागणारे सगळे मुंडकं जांभळीखाली टाकून जायचे. आम्ही रोज संध्याकाळी ती वेचली आणि पुरली."

"पण मी तर नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत. पण पुढच्या वर्षीचा चौथा कंद आम्हालाच खायचा आहे ना."

साळू हसली आणि हसता हसता रडलीही.

पुढच्या हंगामात रानडुक्कर मान खाली घालून आले. साळूने त्याला टोपलीभर मुंडकी दिली आणि बजावले, "ही तुझ्या उतारावर पूर. आणि एकटा खणत बसू नकोस. घुशी ठेव आणि त्यांना चौथा कंद दे." तेवढ्यात मागून माकडीण आली आणि कंद पुढे करून हळूच म्हणाली, "ताई, एवढं मुंडकं कापून ठेवा. आम्ही तरी ते कुठं खातो?"

तात्पर्य : जमिनीतून घेतले त्यातले थोडे जो जमिनीला परत देतो आणि राबणाऱ्याला त्याचा वाटा देतो, त्याचा धंदा टिकतो, मालकाचा पाय घसरला तरी ते वाटेकरी त्याला सावरून धरतात.