उभं कोण राहणार?

"आठ दिवसांत कचेरीसमोर एकही माणूस रांगेत उभा दिसता कामा नये!" भैरवसेन महाराज सज्जातून गरजले. "कुणाला हाकलायचं नाही, नवा कारकून नेमायचा नाही. जमलं नाही, तर फडणीस, तुमची गाढवावरून धिंड!"

तो फडणीस म्हणजे मीच. वीस वर्षं गादीवर बसून मी एकच विद्या शिकलो होतो : "उद्या या!"

मी सगळी अक्कल पणाला लावली आणि रांगेपुढे उंच कनात बांधली. रांग दिसेनाशी झाली! दोन दिवस मी स्वतःवर फार खूश होतो. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि कनात थेट महाराजांच्या अंगावर जाऊन पडली.

सातव्या दिवशी मी डोकं धरून बसलो होतो. रांगेतल्या लोकांना पाणी पाजणारी म्हाळसा म्हणाली, "फडणीसकाका, उद्या एक दिवस कचेरी माझ्या हाती द्या."

"अगं, तुला लिहिता तरी येतं का?"

"नाही. पण तुम्हाला येतं, त्यानं लोकांचं काय भलं झालं?"

मी किल्ल्यांचा जुडगा तिच्यापुढे सरकवला. दिली कचेरी!

सकाळीच तिनं आमच्या गाद्या अंगणात नेल्या आणि रांगेतल्या लोकांना त्यांवर बसवलं. आम्हा कारकुनांना म्हणाली, "एकेकानं एकेकाचा कागद घ्या. शेवटचा शिक्का उमटेपर्यंत खाली टेकायचं नाही!"

माझ्या वाट्याला हैबती म्हाताऱ्याचा कागद आला. विहीर खणायच्या परवानगीसाठी तो अकरा दिवस उभा होता. सही घ्यायला मी या दालनातून त्या दालनात पळू लागलो. पोट पुढे, मी मागे! तिसऱ्या सहीला पोटऱ्यांत गोळे आले. उरलेल्या चार सह्या हव्यात कशाला? कुणी लावला हा नियम? चौकशी केली, तर मीच! जागच्या जागी रद्द केला.

दुपारी महाराज आले. अंगण जवळजवळ रिकामं. हैबती कागद छातीशी धरून लोडाला टेकला होता आणि आम्ही घामाघूम होऊन धावत होतो.

"म्हाळसा, ही काय जादू?"

"जादू कसली, महाराज! घाई लोकांना होती आणि शिक्का यांच्या हातात होता. मी फक्त घाईसुद्धा यांनाच दिली!"

महाराज पोट धरून हसले. आपल्या हातातलं सोन्याचं कडं त्यांनी म्हाळसेला दिलं आणि म्हणाले, "आजपासून कचेरीचा कारभार तुझा! या फडणिसांनी कधी बसायचं, तेही तूच ठरव!"