बिल्ले दुप्पट, तांदूळ तेवढाच

कुणाच्या पणजीलाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, समुद्राकाठच्या एका राज्यात मिरीची मोठी बाग होती. बाग कुणा एकाची नव्हती. ज्याला वाटा हवा त्याने कारभाऱ्याला तांदूळ द्यायचा आणि फणसाच्या लाकडाचा बिल्ला घ्यायचा. बिल्ला परत केला की त्या दिवसाच्या भावाने तांदूळ मिळे.

यात एक मेख होती, ती नीट ऐका. बागेच्या स्वतःच्या एका वेलीमागे दोन वेली शेजारच्या राजाकडून उसन्या घेतलेल्या असत. राजाला त्याचं ठरलेलं द्यायचं. वर जे राहील ते बागेचं, आणि जे बुडेल तेही बागेचंच. म्हणून मिरी एक पायरी चढली की बिल्ला तीन पायऱ्या चढे. उतरतानाही तीनच उतरे. पण ही दुसरी गोष्ट लोकांना उतरू लागल्यावरच आठवायची!

त्या राज्यात ज्याच्या गळ्यात बिल्ले जास्त, त्याला गावजेवणात वरचा पाट. बिल्ला फार महाग झाला आणि नव्या माणसाला परवडेनासा झाला, की कारभारी सुताराकडून प्रत्येक बिल्ल्याचे दोन करून घेई. त्या दिवसाला म्हणत बिल्लेफोड. ढोल काय, गुलाल काय, पुरणपोळ्या काय! जसं काही आभाळातूनच तांदूळ पडलाय.

कातळावरच्या वाडीत हौसा नावाची एक कुंभारीण राहायची. वाडीत गोड्या पाण्याचा थेंब नव्हता. बायका दोन कोसांवरून पाणी आणत. आदल्या उन्हाळ्यात हौसाची सासू घागरीसकट घसरली आणि कायमची लंगडी झाली. कातळ फोडून विहीर काढायला पाथरवट साठ मण तांदूळ मागत होते. घरच्या खाण्याचं बाजूला ठेवून हौसाजवळ उरत होते दहा मण. दहा मणांत विहीर होत नव्हती, म्हणून तिने दहा बिल्ले घेतले. तिच्या दिराने, बाळोजीनेही तेवढेच घेतले.

तीन हंगाम मिरीला सोन्याचा भाव आला. एक मणाचा बिल्ला चार मणांवर गेला आणि बिल्लेफोड झाली. दोघांकडे वीस वीस बिल्ले झाले, दोन दोन मणांचे. बाळोजी तर हवेतच. दहा मूळचे आणि दहा फुकटचे, असा त्याचा हिशेब. फुकटचे दहा विकून त्याने वाडीला जेवण घातलं आणि वहिनीलाही तसंच करायला सांगितलं.

हौसा शांतपणे म्हणाली, "भावोजी, एका भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून पोट दुप्पट भरतं का? काल चाळीस मण होते, आजही चाळीसच आहेत. तुम्ही फुकटचं नाही विकलंत, अर्धी बाग विकलीत."

बाळोजी हसला. बायकांना मेलं काय कळतं, असंही पुटपुटला. त्याला माफ करा, त्याचं पोट भरलेलं होतं.

पुढच्या हंगामात मिरी जराशी घसरली आणि बिल्ला अर्ध्यावर आला, दोनाचा एक. लोक म्हणाले, अर्धा उतरलाय, अर्धा चढला की झालं. त्याच्या पुढच्या हंगामात तो अर्ध्याने चढलाही. पण झाला किती? दीड! उतरला दोनातला अर्धा, चढला एकातला अर्धा. लोक डोकं खाजवत बसले. हौसा मात्र रोज संध्याकाळी चाक थांबवून एकच विचार करायची: आज सगळे बिल्ले परत केले तर किती मण हातात येतील? चाळीसचे तीस झालेले तिला पक्के ठाऊक होते. तिला भीतीही वाटायची, का नाही वाटणार?

मग पुन्हा तेजी आली. बिल्ला दीडाचा तीन मण झाला. कारभाऱ्याने दुसऱ्या बिल्लेफोडीची दवंडी पिटली आणि गाव वेडं झालं. त्याच दिवशी हौसा वीसही बिल्ले घेऊन कारभाऱ्याच्या दारात उभी राहिली. बाळोजी धावत आला. आठ दिवस थांब, वीसाचे चाळीस होतील, हातची लक्ष्मी लाथाडू नकोस, असं त्याने परोपरीने विनवलं.

हौसा म्हणाली, "चाळीस होतील, पण दीड दीड मणाचे. आज साठ मण आहेत, तेव्हाही साठच. आणि मिरी उद्या कुठे जाईल ते ना तुम्हाला ठाऊक, ना मला. माझी विहीर झाली, भावोजी."

साठ मण मोजून घेऊन ती घरी गेली. बिल्लेफोडीच्या दिवशी गाव नाचत होतं आणि कातळावर पहिला घण पडत होता.

त्या हंगामात परदेशी गलबतं आली नाहीत. मिरी पाव हिश्श्याने पडली आणि बिल्ला पाऊण हिश्श्याने! चार चार बिल्ले एकत्र केले तेव्हा कुठे पूर्वीच्या एकाची किंमत येई. शेवटी कारभाऱ्याने चारांचा एक करून टाकला. बाळोजीच्या गळ्यात वीसाचे पाच राहिले. माझे पंधरा कुणी चोरले, म्हणून तो छाती पिटत वहिनीकडे आला. तिने त्याला बसवलं आणि सांगितलं, की आत्ता कुणी नेलं नाही, तसं तेव्हा कुणी दिलंही नव्हतं. तांदूळ घटला तो मिरी आणि उसन्या वेलींमुळे, सुतारामुळे नव्हे.

तेवढ्यात कातळावरून आरोळी आली. वीस हात खाली घणाचा घाव बसला होता आणि पाणी उसळलं होतं, थंडगार, गोडं पाणी! वाडीतल्या बाया रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींवर ओंजळी उडवत होत्या. लंगडी सासू काठी टाकून कातळावरच बसली आणि पोटभर प्यायली. पुढच्या गावजेवणात हौसाच्या गळ्यात एकही बिल्ला नव्हता, तरी अख्ख्या गावाने उठून तिला सगळ्यात वरचा पाट दिला. आणि तो पाट मांडला बाळोजीने, स्वतःच्या हाताने.

तात्पर्य: तुकडे मोजणारा नाचत राहतो, ऐवज मोजून वेळेवर उतरणारा पाणी पितो.